भंगार लाकडाची धग

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात औद्योगिक गाळ्यांच्या गल्ल्या एकमेकींत गुंतल्या आहेत. अशाच एखाद्या गल्लीच्या टोकाशी टेम्पो मागचा फाळका पाडून उभा राहतो आणि त्यातून लाकूड खाली येतं. ते लाकूड नीट पाहण्यासारखं असतं. यंत्रांबरोबर परदेशातून आलेली पाइनची खोकी, खिळे तसेच. मोडकी पॅलेट्स. पाडलेल्या चाळीतल्या दाराची चौकट, तिच्यावर ऑइलपेंटचे थरावर थर. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचं दार, त्याला चिकटलेला सनमायका आणि कडेला प्लास्टिकची पट्टी. पावसाच्या पाण्याने फुगलेला पार्टिकल बोर्डाचा पलंग. आणि सगळ्यांत वर आदल्या दिवशी छाटलेल्या गुलमोहराच्या पानांसकट फांद्या. वजनकाट्यावर हे सगळं एकच: जळाऊ भंगार. भट्टीच्या तोंडाशीही एकच.

खरं तर या ढिगात चार-पाच वेगवेगळी इंधनं आहेत. एकाची राख केळीच्या बुंध्याशी बिनधास्त टाकता येते, दुसऱ्याची राख मातीत पडूच नये अशी असते. एक काडी लावली की पेटतं, दुसऱ्याची बरीचशी धग स्वतःमधलं पाणी उडवण्यातच जाते. तिसऱ्याच्या धुरात रंग, सरस आणि क्लोरीन असतो. वसई-विरारमध्ये लाकूड जाळून उष्णता मिळवावी का, यावर चर्चा करण्याची वेळ केव्हाच निघून गेली. ती मिळवली जाते आहे, रोज, टनांनी. कुठलं लाकूड, किती सुकवलेलं, कसल्या आगीत, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. न विचारण्याची किंमत चिमणीच्या आसपास राहणारे लोक श्वासातून चुकती करतात.

ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वीडन या थंड देशांत लाकडाच्या ढलप्यांवर चालणारे बॉयलर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. शाळा, इस्पितळं, नगरपालिकेच्या इमारती, कधी अख्खं गाव एका बॉयलरच्या गरम पाण्यावर उबदार राहतं. जंगलातली विरळणी, लाकूडगिरणीतला कचरा, वादळात पडलेली झाडं यांची यंत्रात तीन-चार सेंटिमीटरची ढलपी करतात. ती कोठारातून मळसूत्री नळीने आपोआप आगीकडे सरकते, पाणी तापतं, आणि जमिनीखालच्या वेष्टनबंद नळांतून घराघरांत फिरतं. वसईत खोली गरम ठेवायची गरज कुणालाच पडत नाही. पण उष्णता लागते ती वर्षाचे बाराही महिने: कापड रंगवायला, कपडे धुवायला, डबाबंद खाद्यपदार्थांना वाफ द्यायला, इस्पितळातल्या चादरी उकळायला, हॉटेलातल्या आंघोळींना, आणि पाव भाजायला. युरोपातल्या शाळेचा बॉयलर उन्हाळ्यात महिनोन्‌महिने थंड पडून असतो, त्यात गुंतवलेला पैसाही. वालीवच्या बॉयलरला अशी सुट्टी नाही. त्यामुळे चांगल्या यंत्रावर केलेला खर्च इथे लवकर वसूल होण्याची शक्यता जास्त, आणि तरीही चांगली यंत्रं इथे कमी. हे कोडं सोडवण्यासारखं आहे.

लाकडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर पाणी तापवण्याची विद्या वसईला कुणी शिकवावी लागली नाही. वाड्यांमधल्या जुन्या घरांत न्हाणीघराला लागून चुलाण असायचं. त्यावर मोठा हंडा, खाली झावळ्या, करवंट्या, नारळाची सोडणं, काटक्या. वाडीतून जे गळून पडेल ते जळण. शहरी चाळींत आणि मध्यमवर्गीय घरांत तेच काम तांब्याच्या बंबाने केलं. बंब ही मोठी हुशार वस्तू होती. आग मधल्या नळकांड्यात आणि पाणी तिच्या चहूबाजूंनी. म्हणजे धग बाहेर पळायच्या आत पाण्याला भिडायची. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला एकामागून एक बादल्या त्याच्या तोटीतून निघत, आणि वरून ओतलेलं गार पाणी तितक्याच झपाट्याने तापत असे. आजच्या कारखान्यातल्या धूरनळीच्या बॉयलरचं मूळ तत्त्वही तेच आहे, फक्त नळकांडं एक नसून अनेक.

आणि भुशाची शेगडी. आज ती वापरणारे फार उरले नाहीत, म्हणून जरा तपशिलात सांगायला हवं. पत्र्याचा डबा घ्यायचा, बुडाशी कडेला एक भोक पाडलेलं. त्या भोकातून एक लाकडी दांडा आडवा सारायचा आणि डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची. मग लाकडाच्या वखारीतून आणलेला कोरडा भुसा तिच्याभोवती थराथराने घालायचा आणि मुठीने, बत्त्याने ठोकून घट्ट बसवायचा. डबा काठोकाठ भरला की बाटली हलकेच फिरवत वर काढायची, दांडा बाहेर ओढायचा. आत एक काटकोनी बोगदा तयार. खालच्या तोंडाशी चिंधी पेटवली की आग बोगद्याच्या भिंती खात खात तासन्‌तास चालायची, पुन्हा जळण घालायला न लागता. भुसा ओला असेल किंवा सैल ठोकलेला असेल तर शेगडी कोसळायची आणि घरभर धूर व्हायचा. कोरडेपणा, ठासणी, हवेची वाट: लाकडी कचऱ्याच्या आगीचे तिन्ही नियम त्या डब्यात होते, आणि घरातल्या बायकांना ते तोंडपाठ होते.

आता थोडा हिशेब. आंघोळीला वीस लिटर पाणी, तापमान पंधरा अंशांनी वाढवायचं: लागतात ३०० किलोकॅलरी. उन्हात वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. तीन दगडांच्या चुलीवर त्यातली जेमतेम दहा टक्के उष्णता पाण्यापर्यंत पोहोचते, म्हणजे एका माणसाच्या आंघोळीला जवळपास एक किलो लाकूड. हेच काम ऐंशी टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅममध्ये होतं. लाकूड तेच, पाणी तेच, फरक आठपटीचा. झाड वाचवण्याच्या गप्पा मारताना हा फरक कधीच मोजला जात नाही.

लाकूड पेटतं म्हणजे काय होतं, हे समजल्याशिवाय हा फरक कळत नाही. पहिल्यांदा लाकडातलं पाणी उडून जातं. मग दोनशे अंशांच्या पुढे लाकूड फुटून त्यातून वायू निघू लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे ऐंशी टक्के भाग असा वायुरूपाने बाहेर पडतो. आपण जिला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची आग असते. शेवटी उरतो तो निखारा. वायूंना पुरेशी गरम जागा, पुरेशी हवा आणि थोडा वेळ मिळाला तर ते पूर्ण जळतात आणि चिमणीतून जवळपास काहीच दिसत नाही. यातलं एक जरी कमी पडलं तर तेच वायू न जळता धूर, काजळी आणि डांबर होऊन बाहेर पडतात. म्हणून चांगल्या ढलपी-बॉयलरमध्ये हवा दोनदा देतात, एकदा जाळीखालून आणि दुसऱ्यांदा वर, ज्वाळांच्या जागी. आतून उष्णतारोधक विटांचं अस्तर असतं, आणि धुरातला प्राणवायू मोजून पंख्याचा वेग आपोआप कमीजास्त होतो. काळा धूर म्हणजे विकत घेतलेलं इंधन फुकट हवेत सोडणं. भट्टीवरचा जुना फायरमन हे धुराच्या रंगावरून ओळखतो. त्याच्या हातात चांगली भट्टी आणि कोरडं लाकूड द्यायला हवं.

कोरडेपणाचा प्रश्न वसईत फार बिकट आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असतं. असं एक किलो लाकूड जाळलं की साधारण दोन हजार किलोकॅलरी हाती लागतात, वाळलेल्याच्या तुलनेत जेमतेम साठ टक्के. आणि आग इतकी थंड राहते की वायू पेटतच नाहीत. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. महापालिकेची, वीजवाल्यांची, सोसायट्यांची झाडांची छाटणी मात्र ऐन मे-जूनमध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना होते. फांद्या रस्त्याकडेला पडतात, भिजतात, कुजतात. उरलेल्या भट्टीत जातात त्या ओल्याच. ओल्या फांद्यांची लगेच ढलपी करून ढीग लावला तर काम आणखी बिघडतं: ढीग आतून तापतो, बुरशी धरतो, कधी आपोआप धुमसू लागतो. यावर उपाय अगदी जुना आहे. फांद्या फोडून, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा नुसत्या छपराखाली रचून ठेवायच्या आणि ढलपी पावसानंतर करायची.

पावाच्या भट्टीकडे वळू. पोर्तुगीजांचं राज्य वसईवर १५३४ ते १७३९, दोनशे पाच वर्षं होतं. पाव या किनाऱ्यावर रुळला तो त्या काळापासून. विटांच्या बेकरी-भट्टीत लाकूड आतच पेटवतात. विटा तापून पांढुरक्या पडल्या की निखारे बाजूला ओढायचे, दार लावून धग सगळीकडे सारखी होऊ द्यायची आणि लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सारायचे. पाव भाजतो तो विटांनी साठवलेल्या उष्णतेवर. उष्णता साठवून नंतर वापरायची ही युक्ती युरोपातल्या बॉयलरशेजारी उभ्या असलेल्या भल्यामोठ्या गरम पाण्याच्या टाक्यांमध्येही आहे.

या भट्ट्यांवर २०२५ मध्ये मोठं गंडांतर आलं. मुंबईच्या हवेबद्दल उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून हाती घेतलेल्या याचिकेत ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश झाला: लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्या आणि खानावळींनी सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळावं. त्याआधी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने मुंबईतल्या दोनशे बेकऱ्यांची पाहणी केली होती. जवळपास निम्म्या लाकडावर चालत होत्या. मोठी बेकरी दिवसाला अडीचशे-तीनशे किलो लाकूड जाळत होती. का, त्याचं उत्तर भावात होतं. ओंडक्याचं लाकूड किलोला दहा-बारा रुपये, तर जुन्या फर्निचरचं भंगार चार-पाच रुपये. त्या अर्ध्या भावात प्लायवूड, रंग आणि पॉलिश फुकट मिळत होतं. ज्या पावाची लादी सकाळी प्रत्येक घरात जाते, तो भाजणाऱ्या भट्टीत काय जळतं, हे गिऱ्हाईकाला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

न्यायालयाचा हा आदेश मुंबईपुरता. पण हवा वसईच्या खाडीवर थांबत नाही, आणि भंगाराचे टेम्पोही नाहीत. मुंबईत ज्या लाकडाला गिऱ्हाईक राहणार नाही ते पूल ओलांडून कुठे जाईल, याचा विचार वसई-विरार महापालिकेने आजच करायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाने हवा सुधारण्यासाठी निधी द्यायच्या दशलक्षी शहरांमध्ये मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, तेव्हाचं औरंगाबाद यांच्याबरोबर वसई-विरारलाही धरलं होतं. म्हणजे प्रश्न मान्य झालेला आहे.

सरसकट सगळ्या लाकडाला बंदी घालणं सोपं, पण ते अर्धवट शहाणपणाचं ठरेल. दोष लाकडात जेवढा आहे त्याहून जास्त सरमिसळीत आहे. जर्मनीने २००२ मध्ये टाकाऊ लाकडासाठी वेगळा नियम केला आणि त्याचे चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गात निव्वळ रंधलेलं, कापलेलं, कशाचाही लेप नसलेलं लाकूड. दुसऱ्यात सरस, रंग, वॉर्निश लावलेलं, पण क्लोरीनसारखे घटक नसलेलं. तिसऱ्यात पीव्हीसीची पट्टी किंवा तसला लेप असलेलं. चौथ्यात रेल्वेचे स्लीपर, विजेचे खांब, अशी कीड लागू नये म्हणून रसायन मुरवलेली लाकडं. पहिल्या वर्गाला साधा बॉयलर चालतो. शेवटच्या वर्गांना खास परवानगीची, धूर गाळणारी मोठी संयंत्रं लागतात.

वसईतल्या टेम्पोत हे चारही वर्ग एकाच ढिगात असतात. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडवर आधारलेले सरस असतात. अपुऱ्या आगीत त्यांचे विषारी वायू होतात. ट्रॉलीच्या दाराची प्लास्टिक पट्टी जळली की तिच्यातल्या क्लोरीनपासून आम्ल तयार होतं, आणि डायऑक्सिनही. ते आम्ल शेजारच्या वस्तीच्या घशात जातं तसंच बॉयलरच्या नळ्याही खातं. मालकाला नुसत्या पैशांच्या भाषेत सांगायचं तरी हे पुरेसं आहे: स्वस्तात घेतलेलं भंगार बॉयलरच्या नळ्या लवकर बदलायला लावतं.

वर्गवारी करायला प्रयोगशाळा लागत नाही. एक पॅलेट हातात घेऊन पाहावं. परदेशी मालाबरोबर आलेल्या खोक्याच्या आडव्या पट्टीवर जाळून उमटवलेला एक शिक्का असतो: चौकटीत गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाचं दोन अक्षरी नाव आणि शेजारी आणखी दोन अक्षरं. ती एचटी असतील तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग तीस मिनिटं, जाळायला उत्तम. एमबी असतील तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. ते बाजूला काढावं. न्हावा-शेव्याच्या बंदरातून येणाऱ्या मालाची लाखो खोकी हा शिक्का वागवत महाराष्ट्रात फिरतात. दोन अक्षरं वाचायला भंगारवाल्याच्या पोऱ्यालाही शिकवता येईल. रंगवलेलं, सनमायका लावलेलं, फुगलेलं लाकूड तर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं. खिळ्यांसाठी ढलपी-यंत्रापुढे लोहचुंबक बसवतात. मग अडचण काय? अडचण एवढीच की निवडलेल्या लाकडाला जास्त भाव मिळत नाही, म्हणून कुणी निवडत नाही.

या मातीत लाकूड निवडण्याची एक जुनी कथा आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तिथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात येते. समुद्राने किनाऱ्यावर फेकलेल्या लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन एक माणूस थंडीने कुडकुडत चालला होता. पूर्णाच्या लक्षात आलं की त्या भाऱ्यात गोशीर्ष चंदन आहे, आणि त्याच्याच गारव्याने हा गडी कापतो आहे. त्याने भारा विकत घेतला. पुढे राजाला दाहज्वर झाला तेव्हा तेच चंदन कामी आलं आणि पूर्णाचं नशीब पालटलं. नंतर त्याने बुद्धासाठी चंदनाचा प्रासाद उभारला अशी श्रद्धा आहे. जळणाच्या मोळीत काय काय आहे हे थांबून पाहणारा माणूस याच गावचा होता.

शहरातलं टाकाऊ लाकूड कामी कसं लावता येतं, याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. तिथे १९८३ पासून शहराच्या मध्यभागातल्या इमारतींना एकाच जाळ्यातून गरम पाणी पुरवलं जातं. २००३ मध्ये त्याला टाकाऊ लाकडावर चालणारं संयंत्र जोडलं गेलं, वीज आणि उष्णता दोन्ही देणारं. इंधन कुठलं? मुख्यतः शहर आणि आसपासच्या भागातली छाटलेली, वादळात पडलेली, कीड लागून मेलेली झाडं. एरवी ती कचराभूमीवर गेली असती. महापालिकेला झाडांची विल्हेवाट लावायला जागा मिळाली आणि थंडीत कचेऱ्यांना ऊब.

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ ला स्थापन झाली, वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि कितीतरी गावं मिळून. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यानंतर किती इमारती उठल्या ते लोकलमधून उतरताच दिसतं. या शहरातला लाकडी कचरा कुठे जातो? बराचसा गोखिवऱ्याच्या भोईदापाड्याच्या कचराभूमीवर, जिथे आगी लागतात आणि धूर वस्त्यांवर पसरतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यालगतच्या वाड्यांमधली झाडं आडवी केली तेव्हा एवढ्या लाकडाचं काय करायचं, याची कुणाकडे काही व्यवस्था नव्हती. जी आग भोईदापाड्यावर बिनकामाची लागते, ती चांगल्या बॉयलरच्या पोटात लागली असती तर एखाद्या इस्पितळाची धुलाई आणि आंघोळी निघाल्या असत्या. हे सरळ दिसतं, आणि म्हणूनच ते न झाल्याचं वाईट वाटतं.

पण सावध राहायलाच हवं, कारण याच बॉयलरांनी एक सरकार पाडलं आहे. उत्तर आयर्लंडने नोव्हेंबर २०१२ मध्ये लाकडी गोळ्यांच्या बॉयलरसाठी अनुदान सुरू केलं. खर्चावर वरची मर्यादा घालायचं राहून गेलं आणि अनुदान इंधनाच्या खर्चाहून जास्त निघालं. जेवढं जाळाल तेवढा नफा. लोकांनी रिकाम्या शेड तापवल्या, रात्रंदिवस. जनतेच्या तिजोरीवर कोट्यवधी पौंडांचा बोजा पडला, २०१६ मध्ये योजना गुंडाळली, आणि जानेवारी २०१७ मध्ये उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांच्या राजीनाम्याने तिथलं संयुक्त सरकार कोसळलं. उत्तर इंग्लंडमधल्या ड्रॅक्स वीजकेंद्राची गोष्ट याहून गंभीर: कोळशाऐवजी लाकडी गोळ्या जाळायच्या ठरल्या आणि त्या अमेरिकेतल्या, कॅनडातल्या जंगलांतून जहाजं भरभरून येऊ लागल्या. कचरा म्हणून सुरू झालेलं इंधन मागणी वाढताच कचरा राहत नाही, त्यासाठी झाडं तुटू लागतात.

वसईच्या मागे तुंगारेश्वर आहे. २००३ मध्ये अभयारण्य झालेलं, ८५ चौरस किलोमीटरचं. त्याच्या पायथ्याचे आदिवासी पाडे आजही सरपणाची मोळी डोक्यावरून आणतात, आणि तो त्यांच्या जगण्याचा भाग आहे. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या गावकऱ्यांचा भाताच्या वाफ्यावर जाळायच्या राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क इंग्रजांच्या वनखात्याने आवळला, तेव्हा एवढा असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. गरिबाच्या काटक्यांवर पहारा आणि शहराच्या भट्ट्यांना मोकळं रान, हा प्रकार पुन्हा होता कामा नये. म्हणून इथला नियम स्पष्ट हवा: बॉयलरला शहराचा कचरा चालेल, जंगलाचा ओंडका नाही. आणि वजनाच्या पावतीवर लाकूड कुठून आलं ते लिहिलेलं हवं.

यंत्रं बाहेरून आणायची गरज नाही. पुणं हे बॉयलरचं गाव आहे. थरमॅक्सची सुरुवात १९६६ मध्ये बेल्जियमच्या वॅनसन कंपनीबरोबर लहान बॉयलर बनवण्याने झाली; फोर्ब्स मार्शल वाफेच्या धंद्यात त्याहून जुनं. या कंपन्या भाताचं तूस, बगॅस, भुसा, लाकूड अशी मिळेल ती इंधनं जाळणारे बॉयलर देशभर पुरवतात. कायदाही अनुकूल आहे. १९२३ च्या जुन्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. वाफेचा दाब आला की नोंदणी आणि निरीक्षकाची तपासणी आली, ती असायलाच हवी. पण पाणी शंभर अंशांच्या आतच तापवणाऱ्या यंत्राला हा कायदा बॉयलर धरत नाही. म्हणजे इस्पितळ, वसतिगृह किंवा हॉटेलला नुसतं गरम पाणी हवं असेल तर ढलपीवर चालणारं यंत्र बसवणं तुलनेने सोपं आहे. धुराचे नियम मात्र पाळावेच लागतील: धूळ खाली पाडणारा सायक्लोन आणि मोठ्या यंत्राला कापडी पिशव्यांची गाळणी.

छोट्या बेकरीला हे झेपणार नाही. तिच्यासाठी गॅस किंवा वीजच बरी, आणि भट्टी बदलायला तिला कर्ज किंवा अनुदान मिळालं पाहिजे. लाकडी भट्टीच्या पावाची चव वेगळी असते हे खरं, पण आतल्या खोलीत रात्रभर धूर गिळणाऱ्या कामगाराचं फुप्फुस त्याहून मोलाचं आहे.

तयार इंधनाचा आणखी एक स्रोत पालघर जिल्ह्यातच आहे. वाडा तालुका कोलम तांदळाचा; त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भातगिरण्यांतलं तूस आणि सुतारकामाचा भुसा दाबून जे ठोकळे करतात त्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. ते कोरडे, एकसारखे, रचायला सोपे. लाकडी ढलपी पावसाळ्यात कमी पडेल तेव्हा हे ठोकळे चालतील. फक्त तुसाची राख भरपूर आणि काचेसारखी खरखरीत असते, तेव्हा बॉयलरची जाळी त्या बेताची हवी.

उलट, स्वच्छ लाकडाची राख अगदी कमी पडते: साल नसेल तर शंभर किलोमागे साधारण एखादा किलो. तिच्यात पालाश असतं, आणि केळीला पालाश फार लागतं. आगाशी-अर्नाळ्याच्या केळीच्या वाड्यांना अशी राख हवीच असेल, अट एवढीच की ती खरोखर स्वच्छ लाकडाची असावी. त्यासाठी भट्टीच्या आधी कुणीतरी ढीग निवडायला हवा, आणि त्या निवडणाऱ्याला हातमोजे, मास्क आणि धड मजुरी मिळायला हवी.

महापालिकेने पहिलं पाऊल टाकायचं ठरवलं तर ते महागडं नाही. प्रत्येक प्रभागात उघड्या बाजूंचं एक छप्पर, एक वजनकाटा, लाकूड फोडायचं एक यंत्र. मे महिन्यात छाटलेल्या फांद्या फोडून तिथे रचायच्या, सोसायट्यांतून आलेली पॅलेट्स आणि खोकी शिक्का पाहून वेगळी ठेवायची, प्लायवूड आणि सनमायका दुसऱ्या कोपऱ्यात. पावसाळाभर वारा लागू द्यायचा, ऑक्टोबरचं ऊन खाऊ द्यायचं. दिवाळी उलटली की ढलपी-यंत्राचा ट्रक प्रभागाप्रभागांतून फिरवायचा आणि ओलावा मोजून, पावती करून माल बॉयलरवाल्यांना विकायचा. ओल्या मालाला कमी भाव, कोरड्याला जास्त, रंगवलेल्याला प्रवेश नाही. हा भावफलक वखारीच्या दारावर मराठीत लावला की वालीवच्या गल्लीत रिकामा होणारा टेम्पो आधीच कुठेतरी निवडला गेलेला असेल.